गेटासमोर गाडी लावू नये

रहाटणी,
१५ नोव्हेंबर २०२४

प्रति,
पांढऱ्या गाडीचे मालक (एमएच चोवीस),
समोरची बिल्डिंग, मजला माहीत नाही.

विषय: माझ्या गेटासमोर गाडी लावण्याबाबत.

महाशय,

वरील विषयान्वये कळविण्यात येते की, आपली गाडी दसऱ्यापासून माझ्या गेटासमोर आडवी उभी असते. गेटावर पाटी आहे. 'गेटासमोर गाडी लावू नये' असं तिच्यावर लाल रंगात लिहिलेलं आहे. अक्षर माझं स्वतःचं आहे. इथं ग्रामपंचायत होती तेव्हा गावातल्या सगळ्या पाट्या मीच रंगवायचो, त्यामुळे वाचता आली नाही ही सबब चालणार नाही. शिवाय दोन्ही अंगाला रंगाचे रिकामे डबे सिमेंट भरून ठेवलेले आहेत. तरी गाडी तिथंच. म्हंजे आपल्याला पाटी दिसती, डबे दिसतात, फक्त मी दिसत न्हाई.

काचेवर आपला मोबाईल नंबर आहे, त्याचा मला उपयोग नाही. मला ऐकायला कमी येतं. कानातलं मशीन घातलं की शिट्टी वाजती, म्हणून ते कपाटात आहे. तवा लेखी कळवतो. काल गुरुवार होता. बाकी दिवसांचं मी एक वेळ चालवून घेईन, पण गुरुवारी हे गेट मोकळं पाहिजे म्हंजे पाहिजे.

एमएच चोवीस म्हंजे लातूर ना? तिकडं घरांना गेटं नसत्यात काय?

उत्तर गेटावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकावं. तिच्यात लाइटबिलाशिवाय काय येत न्हाई.

सोपानराव
(माजी सदस्य, ग्रामपंचायत)

---

१६ नोव्हेंबर

सोपानकाका,

पहिली गोष्ट, मी महाशय नाही. मी दिपाली. समोर तिसऱ्या मजल्यावर राहते, कपडे वाळत घालताना तुम्हाला रोज बघते. वायपरखाली कागद दिसला तेव्हा वाटलं पोलिसांची पावती. तुमचं पत्र निघालं म्हणून हायसं वाटलं. मग ते वाचलं.

गाडी माझीच आहे. मामाची जुनी घेतली, म्हणून नंबर लातूरचा. आमच्या औशाकडं घरांना गेटं असतात काका, पण त्या गेटातून आत जाणारं काहीतरी असतं. म्हैस असते, नाही तर मोटारसायकल तरी असते. तुमचं हे एवढं मोठं गेट मी एकदाही उघडलेलं बघितलं नाही. तुम्ही आणि काकू शेजारच्या छोट्या दारातून ये-जा करता. गेटाच्या कडीला तर कोळ्यानं जाळं केलंय, ते मला गॅलरीतून दिसतं.

राग मानू नका. मी चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या हेच माझं काम, त्यामुळे जिभेला ती सवय लागली आहे. पण विचारते: जे गेट उघडतच नाही, त्याच्यासमोर गाडी लावली तर अडतं कुणाचं? आणि रस्ता तर महापालिकेचा आहे ना?

दिपाली

---

१८ नोव्हेंबर

दिपालीबाई,

रस्ता महापालिकेचा! वा! पोरी, ज्या डांबरावर तुझी गाडी उभी राहती, त्याच्या खाली आमचा हरभरा हाय. तुझं मागचं चाक असतं तिथं आमच्या वडलांचं खळं होतं. रस्ता रुंद झाला तवा जागा गेली, व्हय, कागदावर गेली. पण आमच्या गावच्या कुठल्याबी म्हाताऱ्याला विचार, बाप जिथवर नांगर धरायचा तिथवर आपलं अंगण. महापालिका काल आली.

तू बाहेरची, तुला या गल्लीची रीत म्हाईत न्हाई म्हणून सांगतो. रस्त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली दिसली की समजायचं, मालक पाच मिनिटांत गाडी घेऊन येतोय. दगड दिसला म्हंजे संध्याकाळपर्यंत येतोय. आणि सिमेंटचा डबा म्हंजे येणार हाय, कवा ते विचारायचं न्हाई. माझ्या दारात दोन डबे हायत.

येणारा म्हंजे माझा पोरगा, ओंकार. दिघीला राहतो. भोसरीत त्याचं वर्कशॉप हाय, गुरुवारी बंद असतं. दिघी काय परदेश न्हाई, बसनं गेलं तरी तास-सव्वा तास. चार वर्षांपूर्वी असाच एका गुरुवारी तो आणि सूनबाई स्नेहल नवी गाडी घेऊन आले. आमची ही, म्हंजे विमल, देवळात गेली होती. गेटासमोर कुणाचा तरी टेम्पो उभा. पोरानं गल्लीत तीन चकरा मारल्या, जागा मिळंना, तसाच परत गेला. ही देवळातनं आली तर पोरगा येऊन गेलेला. तवापासून आला न्हाई. दिवाळीला आईला फोन करतो, 'येतो' म्हणतो, ठेवतो.

तवापासून ही दर गुरुवारी स्वयंपाक करती आणि खिडकीत बसती. तो आल्याशिवाय जेवत न्हाई. तीन वाजतात, चार वाजतात. हिला साखर हाय, डॉक्टर म्हणतो जेवण वेळेवर पाहिजे. मी सांगायला गेलो की म्हणती, गेट मोकळं ठेवा, जागा दिसली की तो थांबंल.

आता सांग, अडतं कुणाचं?

सोपानराव

---

२२ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. म्हैस वगैरे लिहायला नको होतं.

काल गुरुवार, मलाही सुट्टी. पहाटे उठून गाडी तुमच्या दारातून काढली. गल्लीत जागा नाही, पुढच्या गल्लीत नाही, काळेवाडी फाट्यापर्यंत गेले. एका दुकानासमोर लावली तर तो माणूस बादली घेऊन अंगावर आला. तुमच्यासारखं लेखी देत नाहीत सगळे. शेवटी नऊ वाजता परत तुमच्याच दारात. तुम्ही खिडकीतून बघत होतात, मी वर बघितलंच नाही.

तुम्हाला वाटत असेल, ही पोरगी माजलेली आहे. तसं नाही काका. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मला रिव्हर्स येत नाही.

कासारवाडीला एकवीस दिवसांचा क्लास लावला होता. रिव्हर्सच्या दिवशी सरांच्या मेहुण्याचं लग्न निघालं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट पुढचा धडा घेतला. मीही काही बोलले नाही. आता या गल्लीत कुठंही गाडी लावायची तर दोन गाड्यांच्या मध्ये मागं घेऊन घालावी लागते. फक्त तुमच्या गेटापाशी मागं-पुढं मोकळं असतं. सरळ आत, सरळ बाहेर. कंपनीतसुद्धा मी पाऊण तास आधी पोचते, कडेची जागा मिळावी म्हणून. साहेब म्हणतात, दिपाली किती वक्तशीर!

माझ्या हाताखाली लाइनवर तेवीस जणी आहेत. एक वायर चुकली तर मी आख्खा लॉट परत पाठवते. आणि गाडी दोन हात मागं घ्यायची म्हटली की मी इंजिन बंद करून खाली उतरते. हसा आता.

दिपाली

---

२४ नोव्हेंबर

चि. दिपाली,

हसलो. हिलाही वाचून दाखवलं, तीही हसली. पण मग म्हणाली, शिकवा की तिला, नुसत्या पाट्या काय रंगवता.

तर ऐक. मी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. भाजीनं भरलेली ट्रॉली याच गेटातनं रिव्हर्स आत घ्यायचो, एका दमात, बघायला माणसं थांबायची. हे गेट चौदा फुटी केलं ते त्याच्यासाठीच. रिव्हर्समधी भ्यायचं काय न्हाई. मान वळवून मागं बघायचं, आरशाच्या नादाला लागायचं न्हाई. आणि ध्यानात ठेव: मागची बाजू जिकडं न्यायची, त्याच्या उलटीकडं स्टेअरिंग फिरवायचं. उजवीकडं न्यायची तर डावीकडं फिरव. डावीकडं न्यायची तर उजवीकडं. बाकी शास्त्र काय न्हाई.

गुरुवारी सकाळी सात वाजता गल्ली मोकळी असती. मी गेटाच्या आत उभा राहून सांगतो.

सोपानराव

---

२९ नोव्हेंबर

काका,

तुमचा डावीकडचा डबा आडवा झाला आणि माझा मागचा दिवा फुटला.

तुम्ही गेटातून हात वर करून ओरडत होतात, "डावीकडं! डावीकडं!" मी डावीकडंच फिरवत होते. जितकं फिरवावं तितकी गाडी तुमच्या डब्याकडं. तुम्ही अजून मोठ्यानं ओरडलात, मी अजून फिरवलं. समोरच्या दूधवाल्यानं दूध घालायचं सोडून कपाळाला हात लावला.

आज कंपनीत आमच्या फोर्कलिफ्टवाल्या बुद्धरत्नला विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "काकांकडं ट्रॅक्टर होता का?" म्हटलं, हो. म्हणाला, "मॅडम, तो ट्रॉलीचा नियम आहे. मागं ट्रॉली जोडलेली असली की उलटं फिरवायचं. नुसत्या गाडीला जिकडं न्यायचं तिकडंच."

मी भांडत नाही काका. पण दिव्याचं काय करू सांगा.

दिपाली

---

३० नोव्हेंबर

पोरी,

चूक झाली. गाडीच्या मागं ट्रॉली न्हाई हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई बघ. तीस वर्षं हाताला एकच वळण, आणि समोरच्याचंही तसंच असंल असं धरून चाललो. हिनं कालपासून मला छळलंय. जेवायला वाढताना म्हणती, उजवीकडं भाजी पाहिजे का, मग ताट डावीकडं फिरवा. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं, त्याला तुझा दिवा लागला.

पिंपरीत माझ्या ओळखीचा गॅरेजवाला हाय, माझी चिठ्ठी घेऊन जा, तो दिवा बसवून देईल.

या वेळी बोलायचं न्हाई असं ठरवू. मी टोपी हातात धरून हलवली की मागं ये. टोपी डोक्यावर घातली की थांब. आणि स्टेअरिंग तुझ्या त्या फोर्कलिफ्टवाल्यानं सांगितलं तसं फिरव.

सोपानराव

---

११ डिसेंबर

काका, जमलं!

काल विजेच्या डीपीच्या पलीकडं, दोन गाड्यांच्या मध्ये, पहिल्याच फटक्यात घातली. उतरून लांबून बघत उभी राहिले, माझाच विश्वास बसेना. कंपनीतही आज अगदी मधल्या जागेत लावली. उशिरा पोचले तर साहेब म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

उद्या गुरुवार. तुमचं गेट मोकळं असेल, आणि इथून पुढं रोजच मोकळं असेल. काकूंना सांगा. ओंकारदादा आले की मला खाली बोलवा, मला त्यांच्या गाडीला टोपी दाखवायची आहे.

दिपाली

---

१३ डिसेंबर

चि. दिपाली,

काल सकाळपासून गेट लख्ख मोकळं. ही एवढी खूश की डबेसुद्धा बाजूला घ्यायला लावले. कोळ्याचं जाळं मी स्वतः काढलं. वांग्याचं भरीत, भाकरी, आणि त्याला आवडतो तो तांदळाचा पापड. चार वाजेपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं.

आला न्हाई.

ही म्हणती, त्याला कळायला पाहिजे ना मोकळं झाल्याचं. तुझ्या फोनवरनं गेटाचा फोटो काढून धाड म्हणती. माझा फोन साधा, त्याच्यातनं फोटो जात न्हाई. ओंकारचा नंबर पाठीमागं लिहिलाय. फोटोत पाटी येऊ देऊ नकोस. त्याला वाटायचं, पाटी त्याच्यासाठीच हाय.

सोपानराव

---

१६ डिसेंबर

काका,

फोटो पाठवला. सकाळच्या उन्हात काढला, छान आलाय. पाटी येऊ दिली नाही. खाली लिहिलं, 'मी समोर राहणारी दिपाली. काकू वाट बघतात. आता गाडी लावायला भरपूर जागा आहे.'

त्यांनी बघितला. 'बघतो' म्हणाले. डिसेंबरात वर्कशॉपला कामं फार असतात, आमच्याच कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे.

या गुरुवारी नाही तर पुढच्या.

दिपाली

---

४ जानेवारी २०२५

काका,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही. मीच लिहिते.

परवाच्या गुरुवारी काकू पाच वाजेपर्यंत खिडकीत होत्या. मी गॅलरीत चहा घेऊन आले आणि आत परत गेले, त्यांच्यासमोर प्यायला होईना. शेवटी खाली जाऊन त्यांना म्हटलं, काकू, दोन घास खाऊन घ्या. म्हणाल्या, "आधी जागा नव्हती गं, तेव्हा मी म्हणायची चला, येऊन परत गेला असंल. आता तर गेट मोकळं हाय." आणि परत गेटाकडं बघत बसल्या. काका, त्या पूर्वी गुरुवारी वाट बघायच्या तेव्हा मला अशा दिसल्या नव्हत्या.

तुम्ही घरी नव्हतात. सकाळी टोपी घालून, इस्त्रीचा सदरा घालून बसस्टॉपकडं जाताना मी बघितलं. कुठं गेला होतात?

दिपाली

---

१० जानेवारी

पोरी,

काल हिला चक्कर आली. खिडकीतच. साखर एकदम उतरली होती. दवाखान्यात नेलं, बरं हाय आता, झोपली हाय. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं टाळत होतो, आता टाळून चालायचं न्हाई.

टेम्पो नव्हता.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी गेटासमोर काय म्हंजे कायसुद्धा नव्हतं. ओंकार नवी गाडी घेऊन आला. बरोबर स्नेहल, मागं तिचे आई-वडील. त्यानं गाडी सरळ गेटातनं आत घेतली आणि अंगणात लावली. मी विचारलं, कुणाला विचारून आत घातलीस? ही जागा ट्रॅक्टरची हाय. आता ट्रॅक्टर विकून तवा दोन वर्षं झाली होती. जागा रिकामीच होती. पण तीस वर्षं तिथं ट्रॅक्टर उभा राहायचा, आणि माझ्या अंगणात मला न विचारता गाडी लावायची म्हंजे काय, असं माझं डोकं. तो हळू म्हणाला, दादा, पाहुणे हायत. मी म्हणालो, पाहुण्यांची गाडी रस्त्यावर. त्याला सासऱ्यादेखत गाडी बाहेर काढायला लावली. रिव्हर्स घेताना त्याची गाडी दोनदा बंद पडली, ते मला दिसलं. मला वाटलं, गाडी नवी हाय म्हणून असंल.

बाहेर काढली ती थांबलीच न्हाई.

ही देवळातनं आली. विचारलं, पोरगा आला होता का? काय सांगू? तोंडातनं टेम्पो निघाला. एकदा निघाला की मग तो सांभाळावा लागला. गेट बंद केलं, पाटी रंगवली, डबे भरले. तवापासून जो कोण दारात गाडी लावील त्याच्याशी हिच्यादेखत भांडायचं, कारण भांडलो न्हाई तर ही म्हणणार, तुम्हाला पोरगा यावा असं वाटतच न्हाई. आणि खरं सांगू? कुणी ना कुणी गाडी लावायचंच. ही म्हणायची, आज पण बघा, जागाच न्हाई त्याला. चार वाजता जेवायची. रागानं का होईना, जेवायची.

तू शहाणी निघालीस. तू गाडी काढलीस.

तुझ्या फोटोला त्यानं काय उत्तर दिलं ते तू मला सगळं सांगितलं न्हाईस. मी विचारलंही न्हाई. दोन तारखेला मी दिघीला गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. मनात वाक्य जुळवून गेलो होतो की चुकलो, अंगण तुझं हाय. सोसायटीच्या गेटावर वॉचमननं वही पुढं केली. नाव लिहिलं. पुढचा रकाना गाडी नंबर. म्हणालो, गाडी न्हाई, बसनं आलोय. त्यानं तिथं एक रेघ ओढली. मग वर फोन लावला. बोलला काहीतरी. मला ऐकू येत न्हाई हे बघून बिचारा उठून माझ्या कानाशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, साहेब घरी नाहीत." मी विचारलं, कोण सांगतंय? तो म्हणाला, "साहेबच."

खाली पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आठ जागा हायत. आखून, नंबर घालून. सगळ्या मोकळ्या होत्या. मी तिथं कठड्यावर अर्धा तास बसलो आणि परत आलो.

त्याचा राग खोटा न्हाई. मी पुन्हा जाईन. दहा वेळा जाईन, तो खाली येईपर्यंत जाईन. पण तोवर हिचं काय? हिच्यासमोर मोकळं गेट हाय आणि पोरगा येत न्हाई. याचा अर्थ हिला लागायला लागलाय. खरं काय ते सांगायला मी काल दवाखान्यात दोनदा तोंड उघडलं. हिचा हात इतका गार होता की न्हाई सांगता आलं. तेवढा मी मर्द न्हाई.

म्हणून हात जोडून विनंती करतो. तुझी गाडी पहिल्यासारखी माझ्या गेटासमोर लाव. दर गुरुवारी. आडवी.

सोपानराव

---

११ जानेवारी

काका,

तुमचं पत्र कंपनीच्या कँटीनमध्ये वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

'बघतो' असं ओंकारदादांनी लिहिलं नव्हतं. ते माझं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'ताई, गेटाबाहेर जागा मी कधी मागितली नव्हती. दादांना विचारा.' मला अर्थ लागला नाही, पण हे तुम्हाला दाखवायचं नाही एवढं कळलं. क्वालिटीतली बाई आणि चूक दिसत असून लॉट पुढं सोडला. तुम्ही टेम्पो उभा केलात, मी 'बघतो' उभं केलं. आपण दोघंही सारखेच.

तुमच्यावर रागही आला. सासऱ्यासमोर? रिकाम्या जागेसाठी? पण तुम्ही बसनं दिघीला गेलात, त्या वहीत नाव लिहिलंत, म्हणून राग पुरता टिकला नाही.

गाडी लावते. पण माझ्या दोन अटी. तुम्ही दर गुरुवारी दिघीला जायचं, सुट्टी घ्यायची नाही. काकू विचारतील तर सांगा, रस्त्यात गेलेल्या जागेचं कोर्टकचेरीचं काम करायला जातो. आणि ते खाली आले, तुमच्याबरोबर यायला निघाले, तर तुमच्या साध्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल द्यायचा. तुम्ही काळेवाडीला पोचायच्या आत मी गाडी काढलेली असेल. रिव्हर्समध्ये.

दिपाली

---

१७ जानेवारी

चि. दिपाली,

अट पाळली. काल दिघीला जाऊन आलो. साहेब घरी नव्हते. पण वॉचमननं या वेळी बसायला खुर्ची दिली आणि नाव विचारलं न्हाई, वहीत त्यानंच लिहिलं. गाडीच्या रकान्यात रेघ.

दुपारी दोनला घरी आलो. तुझी गाडी दारात. हिनं मी चपला काढायच्या आतच सुरू केलं. "बघितलंत का? ती समोरची पोरगी परत आडवी लावून बसली. एवढी शिकवली तिला! आता आज आला असता तर कुठं लावली असती त्यानं?" मी म्हणालो, नोटीस देतो तिला. म्हणाली, "द्या. चांगली कडक द्या." आणि ताट वाढून घेतलं. सव्वादोनला जेवली. भाकरी दीड खाल्ली. मी मोजली.

तर ही कडक नोटीस समजावी.

तुझी गाडी बारा फुटी, गेट चौदा फुटी. डीपीकडच्या अंगाला दीड हात गेट उघडं राहतंय. तेवढ्यातनं गाडी आत जायची न्हाई, हे तुला कळतं, मला कळतं. हिला कळंल याचा भरवसा न्हाई. जेवता जेवता दोनदा तिकडं बघत होती.

पुढच्या गुरुवारी जरा पुढं घे. गेट पुरतं झाकलं पाहिजे. उरलेल्या जागेत मी डबा ठेवतो.

सोपानराव